खेड्यातल्या झेडपी शाळेत हेडमास्तर पोरांच्या तब्येतीसाठी काय करू शकतो?

फंड नाही म्हणून काहीच होत नाही हे मला पटत नाही बावा. आपल्या विदर्भात पहिला मुद्दा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. कायद्यानं शाळेपासून 100 यार्डाच्या आत तंबाखू विकता येत नाही, पण गेटासमोरच पानठेला असतो आन् कधीकधी गुरुजीच तिथं उभे, मग पोट्टे काय शिकतील? हेडमास्तरनं आधी स्टाफचा खर्रा बंद करावा, मग ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्यावं.

दुसरं, सहावीपासून वरच्या पोरांना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी असते, ती उपाशीपोटी दिली की मळमळते आन् घरचे म्हणतात नको ती गोळी, म्हणून खिचडी झाल्यावर समोर उभं राहूनच द्यायची.

गडचिरोली-चंद्रपूरकडे असाल तर सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करवून घ्याच. हा आजार असलेल्या पोराला पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, त्याला वर्गात बाटली ठेवू द्या, उन्हात पीटीला पळवू नका, हे सगळ्या मास्तरांना माहीत पाहिजे.

आरोग्य पथक वर्षातून एकदा येतं, त्या दिवशी हजेरी भरपूर ठेवा. पुढं पाठवायला सांगितलेलं पोरगं खरंच दवाखान्यात गेलं का, हे विचारणं मात्र तुमचंच काम.