बस वाढवायच्या की वेळेवर सोडायच्या?

(‘प्रवासाचं बोला’ या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात नवी मुंबईतल्या सिटी बससेवेतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक.)

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सहाजण मे महिन्यात फ्लोरिडाला नणंदेकडे जातोय. त्यातले चार दिवस वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या हॉटेलात राहायचंय. गाडी भाड्याने घेणार नाही, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची म्हटलं की ह्यांना धडकी भरते. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आहे, धाकटा तीन वर्षांचा. तिथल्या बसवर विसंबून चालेल का? गर्दीला बस पुरत नाहीत असं ऐकलं. ह्यांचं म्हणणं, ‘एवढे पैसेवाले आहेत, बस वाढवल्या की मिटलं.’
— एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, चालेल. मी दोनदा जाऊन आलोय. घरच्यांनी तिथले पाळणे पाहिले, मी बसथांबे पाहिले. बायको अजून टोमणे मारते.

आधी जागेचा आवाका लक्षात घ्या. ‘पार्क’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक कंपाउंड आणि एक गेट येतं. १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालेलं हे प्रकरण साधारण शंभर चौरस किलोमीटरवर पसरलंय, म्हणजे जवळपास आपल्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं. आत चार मोठे पार्क, दोन वॉटर पार्क आणि कितीतरी हॉटेलं. हॉटेलातून पार्कपर्यंतची बस फुकट, तिकीट नाही, कंडक्टर नाही. त्यातल्या मॅजिक किंगडम या पार्कला तर बसने जाणाऱ्यांची चैनच. स्वतःची गाडी आणणाऱ्यांना ती लांब उभी करून पुढे मोनोरेल नाहीतर बोट धरावी लागते, बस मात्र दाराजवळ सोडते. पण एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस मिळेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला (आवारातला दुकानं-खाणावळींचा भाग) उतरून बदलावी लागते. ‘जेवायला त्या हॉटेलात जाऊ’ असा बेत केलात तर तास-दीड तास हातचा ठेवा.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. माझी अख्खी नोकरी हेच ऐकण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा तासाला तीन बस आहेत आणि त्या बरोबर २० मिनिटांच्या अंतराने येतात. तुम्ही कधीही थांब्यावर आलात तरी सरासरी १० मिनिटं थांबाल. आता बस तेवढ्याच ठेवा, पण त्या जोडीजोडीने येऊ द्या, म्हणजे दर ४० मिनिटांनी दोन. तुमचं सरासरी थांबणं झालं २० मिनिटं, दुप्पट. त्यात जोडीतली पहिली खच्चून भरलेली आणि मागची रिकामी. कागदावर फेऱ्या पूर्ण, डिझेल तेवढंच जळलं, आणि थांब्यावरचा माणूस मात्र शिव्या घालतोय. अशा वेळी चौथी बस टाकलीत तर तीही त्याच घोळक्यात सामील होते.

वाशी स्टेशनबाहेर माझी संध्याकाळची पाळी असायची. कोपरखैरणेच्या लाइनवर सिग्नलमुळे तीन गाड्या एकामागोमाग येऊन टेकायच्या. एकदा पहिली सोडली आणि दुसरी सहा मिनिटं धरून ठेवली. पुढच्या सीटवर मांडीवर मेथीच्या दोन जुड्या घेतलेल्या एक बाई होत्या. त्या खिडकीतून म्हणाल्या, “साहेब, गाडी भरली की! मारा ना डबल बेल.” मी घड्याळ दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं. गाडीत बसलेल्यांच्या दृष्टीने मी खलनायक. पण पुढे सेक्टरात जो आत्ता थांब्यावर येत होता, त्याला ही सहा मिनिटं लागू पडणार होती, आणि तो काही माझे आभार मानायला येणार नव्हता. आमच्या कार्यालयातही रोज फेऱ्याच मोजल्या जायच्या. थांब्यावर कोण किती वेळ उभा राहिला, याचा रकाना लॉगशीटमध्ये नव्हताच.

म्हणून कुठल्याही रिसॉर्टला बस सुधारायची असेल तर माझ्या मते पहिला खर्च गाडीवर करू नये. ज्याच्या हातात वायरलेस आहे आणि गाडी धरून ठेवायचा अधिकार आहे, असा माणूस शेवटच्या थांब्यावर उभा करावा. दुसरं काम पाटीचं. डिस्नेच्या हॉटेलांत पुढची बस किती मिनिटांत येईल ते पडद्यावर आणि त्यांच्या ॲपमध्ये दिसतं. बारा मिनिटं आहेत हे कळलं की माणूस पोराला शू करवून आणतो. कळलं नाही की तीच बारा मिनिटं अर्धा तास वाटतात.

तिसरी गोष्ट तुमच्या घरचीच आहे. व्हीलचेअर आधी चढते: ड्रायव्हर रॅम्प टाकतो, खुर्ची जागेवर घेतो, पट्ट्यांनी जखडतो, मग बाकीची रांग. यात काही मिनिटं जातात. ती जायलाच हवीत, त्याबद्दल संकोच करू नका. फुकट वेळ खाते ती बाबागाडी. ती घडी करूनच बसमध्ये न्यावी लागते. दारात पोहोचल्यावर आई पोराला उचलते, बाबा पिशव्या काढतात, खालची बाटली घरंगळते, आणि मागे चाळीस माणसं. तुम्ही थांब्यावरच घडी करून ठेवा. सगळ्यांनी एवढं केलं तर काही गाड्यांचा खर्च वाचेल, असं मी माझ्या मुलीला म्हटलं. ती म्हणाली, “बाबा, सुट्टीवर आहात.”

रात्रीची आतषबाजी संपली की सगळे एकदम सुटतात. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री बाहेर पडलेला लोंढा आठवा. तेवढी गर्दी दहा मिनिटांत उचलतील इतक्या बस ठेवणं कुणालाच परवडत नाही, उरलेला दिवस त्या उभ्या राहणार. तेव्हा एकतर आतषबाजीच्या थोडं आधी निघा, नाहीतर पार्कातल्याच मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत अर्धा तास काढा. सासूबाई असताना मी दुसरा पर्यायच निवडेन, बसायला मिळतं.

हॉटेल ठरवताना एक बघा. कॅरिबियन बीच किंवा कोरोनाडो स्प्रिंग्जसारख्या ऐसपैस हॉटेलांत आवारातच बसचे बरेच थांबे आहेत, बस ते सगळे फिरून मग बाहेर पडते. आणि विमानतळावरून पूर्वी फुकट बस होती, ती २०२२ पासून बंद आहे. जुन्या सहलीच्या आठवणीवर कुणी सल्ला दिला तर त्याला हे विचारा.

प्रश्न : मी खोपोलीच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांची वाहतूक बघतो. कार्यक्रम संपल्यावर तीनेकशे लोकांना खोल्यांकडे न्यायचं असतं. ४० सीटच्या तीन बस आहेत, जाऊन-येऊन २४ मिनिटं लागतात. मालक चौथी बस घेऊ म्हणतात. घ्यावी का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : घड्याळ घेऊन एक रात्र दारात उभे राहा आणि त्या २४ मधली किती मिनिटं गाडी चालत असते ते लिहा. माझा अंदाज, नऊ-दहा मिनिटं चढण्या-उतरण्यात जात असतील. आत्ता एक बस तासाला अडीच फेऱ्या मारते, तीन मिळून ३०० माणसं. दोन्ही दारं उघडलीत, थांब्यावर उजेड केलात, खोल्यांच्या विंगप्रमाणे आधीच रांगा लावल्यात आणि चारच मिनिटं वाचवलीत, तर फेरी २० मिनिटांची होते, तासाला ३६० माणसं जातात. साठ माणसं वाढली, आणि मालकांचा हप्ता वाचला. एवढं करूनही कमी पडलं तर घ्या चौथी.

रांगेत पाण्याचा पिंप मात्र गाडीच्या दारापासून लांब ठेवा. आमच्या डेपोत तो दारातच होता.

प्रश्न : डिस्नेला मोनोरेल आणि रोपवे असताना लोक बसची कटकट का करतात?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कारण दोन्ही सगळीकडे जात नाहीत. मोनोरेल मॅजिक किंगडम, एप्कॉट हे दोन पार्क आणि मोजक्या हॉटेलांपुरती. २०१९ ला सुरू झालेला स्कायलाइनर हा रोपवे एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जोडतो, पण विजा चमकल्या की बंद ठेवतात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा चमकतातच. ॲनिमल किंगडम या चौथ्या पार्कला यातलं काहीच नाही. तिथे हत्ती बघायचा असेल तर स्वतःची गाडी, टॅक्सी, नाहीतर बस.