घराला खेटलेलं ख्रिसमस ट्री, शेंडा छाटू का?

प्रश्न : वीसेक वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी नर्सरीतून हातभर ख्रिसमस ट्री आणलं, कुंडीत मावेना म्हणून बंगल्याच्या भिंतीपासून पाच फुटांवर जमिनीत लावून टाकलं. आता ते दुमजली घराच्याही वर गेलंय आणि दक्षिणेला म्हणजे नेमकं घराकडेच कललंय. वाळक्या फांद्या पडून गच्चीचा पाइप दर पावसाळ्यात तुंबतो. झाडं तोडणारा म्हणतो अर्धं कापू, एका दिवसाचं काम. यांना वाटतं मुळं पाया उचलणार. आणि आपल्याच कंपाउंडमधलं झाड, त्याला परवानगी कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अर्धं अजिबात कापू देऊ नका. ख्रिसमस ट्री म्हणून विकतात तो हा अरोकेरिया, कडुनिंब नाही की छाटला आणि चौफेर फुटला. शेंडा गेला की पहिल्यासारखा सरळ शेंडा येत नाही, आलेच तर कडेने दोन-तीन कोंब येतात, त्यांची पकड कच्ची असते आणि पुढे जोराच्या वाऱ्यात तेच तुमच्या गच्चीवर. मोरपंखीचंही तसंच, जुन्या लाकडापर्यंत छाटली की तिथे हिरवं येतच नाही.

कललंय म्हणून लगेच घाबरू नका. नर्सरीत ख्रिसमस ट्री या नावाने बऱ्याचदा कुक पाइन हा अरोकेरियाचाच एक प्रकार मिळतो आणि त्याला विषुववृत्ताकडे झुकायची खोडच आहे, २०१७ साली पाच खंडांतली झाडं मोजून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी कल साडेआठ अंश निघाला. आपल्याकडे म्हणजे दक्षिणेलाच. पण बुंध्याजवळ उत्तरेकडची माती उचललेली दिसली, नवी भेग दिसली, तर मात्र थांबू नका.

पाया मुरमात असेल तर मुळं तो सहसा उचलत नाहीत, फुटक्या ड्रेनेजमध्ये मात्र हमखास शिरतात. खरी भानगड काळ्या मातीची, झाड पाणी ओढतं तेव्हा ती आक्रसते आणि झाड काढलं की परत फुगते, त्यामुळे पाया काळ्या मातीत असेल तर तोडण्याआधी इंजिनिअरला एकदा दाखवाच.

माझं मत विचाराल तर पाच फुटांवर हे झाड ठेवू नये, मूळ मुलखात ते दीडशे फुटांच्या वर जातं. पण परवानगी लागतेच, महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे आणि त्याला स्वतःचं कंपाउंडही सुटत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागात फोटो लावून अर्ज करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी तरी रोपं लावायची, म्हणजे तुमच्या नशिबी वीसेक आहेत! मोठ्या फांद्या काढायच्या तरी आधी विचारून घ्या. काम दोरावर चढणाऱ्या माणसांकडून, वरून तुकडे करत, दोराने खाली सोडत करून घ्यायचं, एका दिवसाच्या घाईत नाही, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी.

तोवर पाइपच्या तोंडाला घुमटासारखी जाळी बसवा, सपाट नको, तिच्यावर पाला चिकटून बसतो.