सायकल, माप आणि पंच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मापाची टायटॅनियमची फ्रेम कारागिराकडून बनवून घ्यायची आहे. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) रोड रेसमध्ये ती चालेल का? व्यावसायिक रायडर अशाच फ्रेम वापरतात ना?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ. बहुतेक व्यावसायिक रायडर दुकानात मिळते तीच फ्रेम चालवतात. कार्बन फ्रेमच्या प्रत्येक साइझला वेगळा साचा लागतो आणि एका माणसासाठी तो करणं कंपनीला परवडत नाही. शिवाय वापरलेलं साहित्य इतरांनाही विकत मिळायला हवं, असा नियमच आहे. त्यामुळे मापात बसवायचं काम स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), हँडल, सीट आणि क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) होतं. बरेच जण मुद्दाम एक साइझ लहान फ्रेम घेतात, कारण तिची हेड ट्यूब (हँडलखालची उभी नळी) आखूड असते आणि हँडल खाली नेता येतं. कमी पडलेली लांबी मग १३० किंवा १४० मिमीच्या स्टेमने भरून काढतात. खास त्यांच्यासाठी केलेला असतो तो बहुधा रंग.

तुमची अडचण धातूची नाही, मान्यतेची आहे. १ जानेवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या फ्रेम आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) यूसीआयची मान्यता लागते, आणि तशी खूण दोन्हींवर असावी लागते. अर्ज निर्माता करतो, रायडर नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधीच कारागिराला विचारा : हे मॉडेल मान्य आहे का, आणि फोर्क कोणाचा? छोटे कारागीर फोर्क सहसा बाहेरून घेतात, तेव्हा त्याची खूण वेगळी तपासा. पुढे कधी फ्रेम पुन्हा रंगवलीत, तर खूण रंगाखाली गाडली जाणार नाही एवढं बघा. तपासणीच्या वेळी हा घोळ नको. मान्य वस्तू नंतर कापणं-घासणंही चालत नाही. सीटचं टोक छाटून ती पुढे सरकवण्याची जुनी युक्ती त्यातच मोडते.

प्रश्न : सायकल घरी ६.८ किलो भरते. एवढं पुरेल?

उत्तर : काठावर आहे. २००० पासून ६.८ किलो ही किमान मर्यादा आहे आणि पंचांचा काटाच अंतिम. घरच्या लटकत्या काट्यात ५० ग्रॅमचा फरक सहज पडतो, तेव्हा निदान १०० ग्रॅम वर राहा. बाटल्या, सायकल-कॉम्प्युटर असं चालत्या शर्यतीत काढता येणारं सगळं वजनाआधी उतरवतात. बाटलीचा पिंजरा आणि कॉम्प्युटरचा माउंट मात्र धरतात. भरलेल्या बाटल्यांसकट वजन करून निर्धास्त झालेले इथेच फसतात.

आणखी एक : वजन करताना लावलेली चाकं शर्यतीत असतीलच असं नाही. डोंगरी टप्प्यासाठी हलकी चाकं चढवली की सायकल मर्यादेखाली जाऊ शकते, म्हणून सर्वांत हलक्या जोडीवरच मोजा. कमी भरलं तर भार बॉटम ब्रॅकेटजवळ (क्रँक फिरतो त्या आसापाशी), खाली आणि पक्का बसवा. सीट ट्यूबमध्ये साखळीचा तुकडा टाकणार असाल तर तो कापडात घट्ट गुंडाळा, नाहीतर खडखडाट दिवसभर ऐकावा लागेल. जड डिस्क ब्रेक आल्यापासून मोठ्या साइझच्या सायकलींना हा प्रश्न फारसा उरलेलाच नाही. आमच्या मते मर्यादेचा फेरविचार व्हायला हवा.

प्रश्न : माझ्या हँडलवर ‘३८’ लिहिलंय. २०२६ च्या नियमात बसेल?

उत्तर : नियम आहे बाहेरून बाहेर किमान ४०० मिमी, शिवाय दोन्ही ब्रेक हूडच्या (ब्रेक लिव्हरच्या मुठींच्या) आतल्या बाजूंमध्ये किमान २८० मिमी. कंपन्या बहुधा मध्यापासून मध्यापर्यंतचं माप छापतात. नळी साधारण २४ मिमी जाडीची असते, म्हणजे ३८० चं हँडल बाहेरून सुमारे ४०४ भरतं. पण काही कंपन्या हूडपाशी मोजतात, काही खालच्या टोकाशी. छापील आकडा सोडा, कॅलिपर लावा. लिव्हर आत वळवले असतील तर दुसरं माप हातचं जातं, आणि ते टेप गुंडाळण्याआधीच दुरुस्त केलेलं बरं.

प्रश्न : उंची १८१ सेंमी. टाइम ट्रायलचे (एकट्याने वेळेविरुद्धच्या शर्यतीचे) एक्स्टेन्शन, म्हणजे हँडलपुढच्या नळ्या, किती पुढे नेता येतील?

उत्तर : बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून ८३ सेंमी. १८० च्या आत असता तर ८० मिळाले असते, १९० किंवा वर ८५. मोजताना गिअरची बटणंही टोकात धरतात, तेव्हा नळी कापण्याआधी ती बसवून घ्या.