डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना

"मॅडम, त्याला काही ऐकूच येत नाही, मग चर्चला नेऊन उपयोग काय?"

नगर-श्रीरामपूर भागातल्या कितीतरी आयांनी मला हे विचारलंय. कधी वडिलांनी, एकदा तर एका पाळकांनी. कुणाचं मूल कर्णबधिर असतं, कुणाचं गतिमंद, कुणाची आई व्हीलचेअरवर असते. आतली काळजी एकच असते: लोक बघतात, आपल्याला अवघडल्यासारखं होतं, त्यापेक्षा घरीच प्रार्थना केलेली बरी. उत्तर म्हणून एका कुटुंबाची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि पुष्कळ भेटी थोडक्यात आणल्यात.

मुलगा सोळा वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर. त्याच्या बरोबरीच्या मुलांचा दृढीकरणाचा, म्हणजे आपला विश्वास स्वतः चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा, वर्ग सुरू झाला, तेव्हा यादीत त्याचं नाव नव्हतं. मुद्दाम कुणी गाळलं नव्हतं, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर त्याने रविवारी सकाळी उठणं सोडलं. "हट्टी झालाय" म्हणून आई त्याला माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी प्रश्न त्याला विचारायचे आणि उत्तर आईकडून यायचं. "चर्चमध्ये तुला काय आवडतं?" "त्याला ना, नाताळ आवडतो." अर्धा तास हेच. घरातलं कोण किती बोलतं, यापेक्षा कोणाच्या वतीने दुसरंच कुणी बोलतं, हे मी आधी बघते. गाठ बहुतेक वेळा तिथेच असते. पुढच्या भेटीला मी त्याच्या शाळेतल्या, खुणांची भाषा उत्तम येणाऱ्या शिक्षिकेला बोलावलं. आईला म्हटलं, "ताई, आज तुम्ही फक्त बघा."

"दोन तास तिथे बसून तू काय करतोस?"

"पंखे मोजतो. चौदा आहेत. एक बंद."

"आणि प्रार्थनेच्या वेळी?"

त्याचे हात थांबले. मग सावकाश हलू लागले. शिक्षिका सांगत गेल्या: "सगळे डोळे मिटतात. मी उघडे ठेवतो. लहान होतो तेव्हा मागच्या बाकावरच्या आजोबांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. हाताला निलगिरीच्या तेलाचा वास होता. सगळं काळं झालं. मला वाटलं, आता सगळे निघून जाणार."

आजोबांनी ते मायेनेच केलं असणार. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मीही त्याला कोपराने ढोसायचे. डोळे मीट म्हणून."

त्या क्षणी मला जे उमगलं, ते वीस वर्षांच्या कामात उमगलं नव्हतं. आपण डोळे मिटले तरी पाळकांचा आवाज येत राहतो, शेजारच्याचं 'आमेन' ऐकू येतं. त्याने डोळे मिटले की पाळक, मंडळी, आई, सगळंच नाहीसं होतं. आपण ज्याला भक्तिभाव म्हणतो, तो त्याच्यासाठी दर रविवारी बाहेर काढलं जाणं होता. हट्टी तो नव्हता. आपली रीत हट्टी होती.

दुसरी गोष्ट निघायला आणखी तीन भेटी लागल्या. दहा वर्षांचा असताना त्याला एका चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेत स्टेजवर नेलं होतं. डोक्यावर हात ठेवून, "आई म्हण, आई म्हण," असं माईकवर सांगितलं गेलं. त्याच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला आणि मांडव टाळ्यांनी भरला. तेव्हापासून घरातही त्याने आवाज काढणं बंद केलं.

त्या रात्री मी बायबलमधला मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुन्हा उघडला. बहिऱ्या माणसाची गोष्ट आपण बरं होण्याची गोष्ट म्हणून वाचतो. पण येशूने आधी काय केलं? त्याला गर्दीतून बाजूला नेलं. कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिलं. त्या माणसाला डोळ्यांनी आणि कातडीने कळेल असं सगळं आधी केलं, 'मोकळा हो' हे नंतर म्हटलं. आपण नेमकं उलट केलं होतं. मुलाला बाजूला नेण्याऐवजी गर्दीसमोर उभं केलं होतं. म्हणून मी प्रत्येक मंडळीला कळकळीने सांगते: बरं होण्यासाठी प्रार्थना करायची असेल, तर आधी त्या व्यक्तीला विचारा. तिने नको म्हटलं, तर तो अविश्वास नव्हे.

वडिलांची अडचण वेगळी होती. ते म्हणाले, "पौल म्हणतो, विश्वास ऐकण्याने होतो. मग याचं काय?" मी त्यांना लूकचा पहिला अध्याय काढायला लावला. योहानाचे वडील जखऱ्या यांची वाचा गेली आहे, बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून नातेवाईक त्यांना खुणा करून विचारतात आणि ते पाटी मागवून लिहितात. योहानाचं नाव पक्कं झालं ते पाटीवर. आणि आपल्या पंडिता रमाबाई? १८८३ साली त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. त्याच बाईंनी पुढे अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. वडील गप्प झाले, पण त्या रविवारी पाळकांकडे ते स्वतः गेले.

पाळकांशी मीही बोलले. मोठं काही मागितलं नाही. प्रवचनाचे मुद्दे आणि गीतांचे क्रमांक शनिवारी लिहून पाठवा. पाठीमागे उजेडाची खिडकी ठेवून उभे राहू नका, चेहरा काळा दिसतो. माईक ओठांवर धरू नका. कर्ण्याचा आवाज वाढवून काही साधत नाही, श्रवणयंत्र वापरणाऱ्याला उलट गोंगाटच मोठा ऐकू येतो. मात्र लिहून दिलं म्हणजे काम झालं असंही नाही. आपली भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरणाची भाषा आहे आणि कित्येक कर्णबधिरांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. दुभाषी हवाच. तो आई किंवा बहीण नसावा, कारण उपासनेला त्याही आलेल्या असतात. त्याला मानधन द्या. आपण ऑर्गनच्या दुरुस्तीला पैसे देतोच ना?

व्हीलचेअरसाठी शेवटच्या रांगेमागे जागा देऊ नका. मधला एखादा बाक आखूड करा, म्हणजे माणूस घरच्यांच्या शेजारी बसेल. उताराचा हिशेब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट असेल तर अठरा फूट जागा लागते. खुर्ची उचलून आत नेणारे चार तरुण म्हणजे उतार नव्हे. उचलून घेताना किती लाजल्यासारखं होतं, ते एकदा त्या खुर्चीतल्या माणसालाच विचारा.

आणि नुसतं बसवून ठेवू नका, काम द्या. हा मुलगा आता दर रविवारी दानाची थैली फिरवतो. दृढीकरणाच्या वर्गात त्याचं नाव उशिरा घातलं गेलं. शिक्षिका दर शनिवारी त्याच्याबरोबर बसल्या. प्रभुभोजनाचा अर्थ त्याने वर्गाला खुणांनी सांगितला, तेव्हा बाकीची मुलं एक एक खूण त्याच्याकडून शिकून घेत होती.

प्रार्थनेआधी पाळक आता म्हणतात, "ज्यांना डोळे उघडे ठेवायचे आहेत, त्यांनी उघडे ठेवा." दुभाषी समोर उभी राहते. निलगिरीवाले आजोबाही अधूनमधून डोळे उघडून तिचे हात बघतात.

शेवटच्या भेटीला आई एकटीच आली होती. जाता जाता दारात थांबली. "मॅडम, सोळा वर्षं प्रार्थनेत माझा एक डोळा त्याच्यावर असायचा. या रविवारी दोन्ही मिटले."