कारवान कुत्रा हडकुळा का दिसतो?

प्रश्न : जत तालुक्यातून आणलेला आमचा कारवान कुत्रा दहा महिन्यांचा आहे. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून आम्ही त्याला उपाशी ठेवतो, असे सोसायटीत बोलले जाते. पाहुण्यांनी हात लावला की तो गुरगुरतो आणि अलीकडे मांजर दिसताच पट्ट्यातून मान काढून पळाला. त्याचा खुराक वाढवावा का? तो धोकादायक आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लोक बोलतात म्हणून खुराक वाढवू नये. मुधोळ हाऊंड या नावानेही ओळखला जाणारा हा कुत्रा नजरेने भक्ष्य हेरून त्याचा पाठलाग करणारा आहे. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि जेमतेम चरबी ही त्याची ठेवणच धावण्यासाठी झालेली आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसत असतील, तर चिंतेचे कारण नाही. मात्र पाठीचे मणके व कमरेची हाडे टोकदार वर आली असतील किंवा केस निस्तेज झाले असतील, तर विष्ठा तपासून जंतांची खात्री करून घ्यावी. वाढत्या वयात नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही. अंडी किंवा मांस हवेच.

घरच्यांच्या अंगाखांद्यावर लोळणाऱ्या या कुत्र्याला परक्याचा हात सहसा खपत नाही. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते. त्याबद्दल त्याला मारल्यास तो गुरगुरणे सोडतो आणि पुढे सूचना न देताच चावू शकतो. म्हणून बंधन पाहुण्यांवर घालावे : तो आपणहून जवळ येईपर्यंत कोणी हात पुढे करू नये, आणि लहान मुलांना त्याच्यासोबत एकटे सोडू नये.

पट्ट्याचा प्रश्न खरा गंभीर आहे. या जातीचे डोके इतके निमुळते असते की साधा पट्टा सहज निसटतो. त्याऐवजी ओढ बसताच थोडा आवळला जाणारा रुंद पट्टा घ्यावा. पाठलाग सुरू झाला की हाक त्याच्या कानात शिरत नाही, म्हणून रोजचे मोकळे धावणे उंच कुंपणाच्या जागेतच व्हावे. धावायला न मिळालेला कारवान सोफे फाडतो, आणि दोष मात्र जातीला लागतो. गावाकडे हौसेने सशामागे कुत्रे सोडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकारच ठरते, हे सुट्टीत गावी गेल्यावरही विसरू नये.

महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर घ्यावी. नसबंदी करणार असाल, तर कुत्रा कारवान असल्याचे पशुवैद्यांना आधीच सांगावे, कारण थायोपेंटोनसारख्या काही औषधांची भूल अशा धावणाऱ्या जातींमध्ये फार उशिरा उतरते आणि त्यासाठी वेगळे औषध निवडावे लागते.