आलेख सपाट आणि तारे लांबट? गाइडस्कोप बदलायची घाई नको

तुम्ही लिहिलंय: 60 मिमीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), फोकल लेंथ 360 मिमी, त्यावर 120 मिमी फोकल लेंथचा छोटा गाइडस्कोप, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडला) सावरणारी जोडदुर्बीण. पीएचडी2 या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरच्या आलेखात चूक 0.8 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), तरी तीन मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे लांबट. आणि विक्रेता म्हणतोय, मोठा गाइडस्कोप घ्या किंवा सरळ ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडरवर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश प्रिझमने गाइड कॅमेऱ्याकडे वळवणाऱ्या उपकरणावर) जा. तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं उफाळून आलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं) आणि बॅलन्स नीट आहे असं धरतो.

एका पिक्सेलमध्ये किती आकाश मावतं, याचा हिशेब सोपा आहे: मायक्रॉनमधला पिक्सेल गुणिले 206, भागिले मिमीमधली फोकल लेंथ. तुमच्या 3.76 मायक्रॉनच्या मुख्य कॅमेऱ्याला एक पिक्सेल म्हणजे साधारण 2.15 आर्कसेकंद, 3.75 च्या गाइड कॅमेऱ्याला 6.4. आकडा तिप्पट दिसतो, पण पीएचडी2 ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या साधारण दहाव्या भागापर्यंत पकडतं. एवढ्या छोट्या रिफ्रॅक्टरला हा गाइडस्कोप पुरून उरतो.

एक मात्र आत्ताच तपासा. पीएचडी2 च्या प्रोफाइलमध्ये फोकल लेंथ 120 च टाकलीय ना? तिथे 360 पडली असेल, तर चूक आहे त्याच्या एक तृतीयांश दिसते आणि माणूस खूश राहतो.

आकडा बरोबर असेल, तर मला जे भोवलं तेच असावं: गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या सापेक्ष हळूहळू सरकतात. गाइडर आपला तारा प्रामाणिकपणे जागेवर धरून ठेवतो, पण मुख्य दुर्बीण तोवर दुसरीकडेच वळलेली असते. आलेखात हे कधीच दिसत नाही.

माझ्या विक्रेत्याच्या सेवा विभागाला मी आलेख पाठवले, फ्रेम पाठवल्या. दर वेळी नवा माणूस, नव्याने व्हिडिओ पाठवा, आणि शेवटी तेच ठरलेलं उत्तर: गाइडस्कोप कमी पडतोय. एकानेही विचारलं नाही की तो कशावर बसवलाय! मोठा घेतला. तो जास्त जड, आणि बसला त्याच फाइंडरच्या (छोट्या शोधदुर्बिणीच्या) खाचेत, त्याच प्लास्टिकच्या टोकांच्या स्क्रूंवर. तारे आणखी लांबले. परत घ्या म्हटलं, तर खोका उघडलाय म्हणे. असो.

तुम्ही आधी दहा सेकंदांची फ्रेम घ्या. त्यातही तारे लांबट असतील तर दोष लेन्स, कॅमेऱ्याचा तिरकेपणा किंवा बॅकफोकसचा (शेवटच्या भिंगापासून सेन्सरपर्यंतच्या ठरलेल्या अंतराचा). गाइडिंगला हात लावू नका. मग एक आणि चार मिनिटांच्या फ्रेम शेजारी ठेवा. लांबी वेळेच्या प्रमाणात वाढली आणि सगळ्या चौकटीत तारे एकाच दिशेला, सारखेच ताणलेले दिसले, तर सांगाडा वाकतोय. गाइडताऱ्याभोवती फिरल्यासारखे, त्याच्यापासून दूर जास्त लांब असतील, तर पोलर अलाइनमेंट पुन्हा बघा.

उपाय नवीन खरेदीचा नाही. फाइंडरची खाच सोडा, गाइडस्कोप मुख्य दुर्बिणीच्या कड्यांवर पक्क्या क्लॅम्पने आवळा. फोकसर लॉक करा, दोन्हीकडचा. लोंबणाऱ्या केबल बांधून टाका. देवयानी दीर्घिकेवर दुर्बीण वर चढत जाते तशी यूएसबी केबल कॅमेऱ्याला एका बाजूला ओढत राहते.

ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडरने हा प्रश्न मुळातून सुटतो, हे खरं. पण नवशिक्याने त्या इवल्याशा प्रिझममध्ये तारा शोधत आणि 55 मिमीचा बॅकफोकस जुळवत रात्र का घालवावी? मीटरभर फोकल लेंथ किंवा हलणारा आरसा असेल तर गोष्ट वेगळी. हे माझं मत. तुमचं माउंट मी पाहिलेलं नाही.

जाता जाता: गाइड कॅमेरा मोनो असला की पुरे, कूलिंगची गरज नाही. एसटी4 ची केबल (गाइड कॅमेऱ्यातून थेट माउंटला जाणारी) काढून ठेवा आणि यूएसबीवरून पल्स गाइडिंग करा, म्हणजे दुरुस्तीचे आदेश सॉफ्टवेअरमधून माउंटला जाऊ द्या. दुर्बीण कुठे रोखलीय हे सॉफ्टवेअरला कळतं, त्यामुळे लक्ष्य बदललं तरी कॅलिब्रेशन पुन्हा करत बसावं लागत नाही. एक्सपोजर दोन सेकंदांच्या आसपास ठेवा, नाहीतर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतं. आणि डिदरिंग (दर काही फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) चालू करा. गाइडिंगचा निम्मा फायदा त्यातच आहे.

चार मिनिटांची एक मूळ फ्रेम आणि पीएचडी2 ची लॉग फाइल टाका. गाइडस्कोपच्या बुडाचा फोटोही टाका, तो आधी बघायचाय.