माझं स्त्रीबीज त्याला नाकारतंय का?

"मॅडम, माझं स्त्रीबीजच त्याचे शुक्राणू नाकारत असेल का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. दोघांचे रिपोर्ट बरे असतात, तरी दिवस राहत नाहीत, आणि मग रात्री अंथरुणात मोबाइलवर कुठलीतरी बातमी सापडते. मानसीला सापडलेली बातमी अशी होती, की बीजाभोवतीचा द्राव रसायनांनी शुक्राणूंना बोलावतो आणि कुणाचे जास्त बोलवायचे हेही ठरवतो. (नावं आणि ओळखीचे तपशील बदललेले आहेत.)

मानसी आणि तिचा नवरा ओंकार राहायला पुण्यात, वारज्याला. ती बँकेत, तो हिंजवडीत, अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या प्रोजेक्टवर. प्रयत्न सुरू करून सव्वा वर्ष झालेलं. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या, पण दोघांची घालमेल पाहून आधी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं.

ओंकारने फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली. वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर 'प्रोग्रेसिव्ह मोटिलिटी ३८ टक्के' या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, 'उरलेले ६२?' त्याचा हिशेब सरळ होता: निम्म्याहून जास्त भरकटलेलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत या आकड्याची खालची मर्यादा ३० टक्के आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय हा आकडा फक्त पुढे पोहण्याचा आहे. वाट सापडते की नाही, हे नेहमीच्या वीर्यतपासणीत बघतच नाहीत.

त्याचं शंकानिरसन लवकर झालं. मानसी मात्र गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमची एकनाडी आहे."

पत्रिका जुळवताना गुरुजींनी संततीला बाधा सांगितली होती. दोघांनी हट्टाने लग्न केलं. सासूबाई त्यावर कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मावशींनी चारचौघींत विषय काढलाच. तेव्हा मानसीने हसून सोडून दिलं. मग ती बातमी वाचली आणि तिला वाटलं, आपण ज्याला अंधश्रद्धा म्हणत होतो त्यावर विज्ञानानेच शिक्का मारला. मला विचाराल तर नाडीदोषापेक्षा अर्धवट वाचलेलं विज्ञान जास्त छळतं. नाडीला निदान हसता तरी येतं.

मी डॉक्टर नाही, उपचार सांगत नाही. पण भीती ज्या माहितीवर उभी आहे ती नीट उलगडून सांगणं माझ्याच कामात येतं, म्हणून आम्ही तो सगळा प्रवास कागदावर काढला.

शुक्राणूची लांबी मिलिमीटरचा विसावा भाग. गर्भाशयाच्या मुखापासून बीजवाहिनीच्या टोकापर्यंतचं अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर. एवढी वाट तो वासावर काढत नाही. गर्भाशयाच्या स्नायूंच्या लाटा त्याला वर ढकलतात, द्रावाच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याची त्याची जात असते, आणि बीजवाहिनीत तापमानातला किंचित फरकही त्याला कळतो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. रासायनिक संकेताची पाळी येते ती अगदी शेवटी, बीज जवळ आल्यावर. पुरणपोळीचा वास जिना चढताना येतो, स्वारगेटला उतरल्यावर नाही.

मानवी शुक्राणू बीजकोशातल्या द्रावाकडे ओढले जातात हे १९९१ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. बीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात, तेच हार्मोन ज्याच्या गोळ्या मानसीच्या फाइलमध्येही होत्या. शुक्राणूच्या शेपटीत 'कॅटस्पर' नावाचे बारीक दरवाजे असतात. प्रोजेस्टेरॉन पोहोचलं की ते उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, शेपटीचा फटकारा बदलतो आणि शुक्राणू वळतो. हा दुवा २०११ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला. त्यातही सगळे शुक्राणू एकदम ऐकत नाहीत. स्त्रीच्या शरीरात काही तास राहून जे पक्व झालेत तेच प्रतिसाद देतात, एका वेळी साधारण दहातला एक. ते थकले की दुसरे तयार होतात. बीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, त्यामुळे ही पाळीपाळीची सोय कामाचीच आहे.

ओंकार एवढं ऐकून म्हणाला, "म्हणजे माझे ६२ टक्के..." मानसीच हसली. "सोड रे आता ते."

मग तिची बातमी. ते संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मँचेस्टरच्या रुग्णालयात आयव्हीएफ घेणाऱ्या जोडप्यांकडून उरलेला बीजकोशातला द्राव घेतला होता आणि त्यासमोर शुक्राणू ठेवले होते, स्वतःच्या जोडीदाराचे आणि परक्या पुरुषाचेही. एका स्त्रीच्या द्रावाकडे एका पुरुषाचे जास्त गेले, दुसरीच्या द्रावाकडे दुसऱ्याचे, हे खरंच दिसलं. पण बातमीत खाली राहून गेलेली गोष्ट अशी, की द्रावाने स्वतःच्या जोडीदाराला झुकतं माप दिलं नाही. कमीजास्त ओढ दिसली, नकार नव्हे. आणि ते सगळं प्रयोगशाळेत. कुणाला मूल होईल, कुणाला नाही, याचा निकाल त्यात नव्हता.

"मग नाडी?" मानसीने विचारलंच.

"त्या प्रयोगात कुणाची पत्रिका मागितली नव्हती," मी म्हटलं.

संकेत बिघडतच नाहीत असं मात्र मी सांगितलं नाही. काही थोड्या पुरुषांत हे कॅटस्परचे दरवाजे जन्मतःच काम करत नाहीत आणि तरी नेहमीचा रिपोर्ट उत्तम येतो. अशा वेळी शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, १९९२ पासून जगभर रूढ झालेली इक्सी पद्धत. म्हणजे वाट शोधण्याची गरजच उरत नाही. मानसीला ही माहिती सगळ्यात जास्त आधाराची वाटली, हे मला अपेक्षित नव्हतं. "म्हणजे तसं निघालं तरी काहीतरी करता येतं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी दोघांच्या वेळा विचारल्या. ओंकारची कॅब पहाटे साडेपाचला सोडायची. तो उठायचा दुपारी, ती परतायची संध्याकाळी सातला आणि आठला त्याचा लॉगिन. उरले शनिवार-रविवार, त्यातला एक बहुतेक वेळा साताऱ्याला सासूबाईंकडे. मोबाइलमधलं ॲप जे दिवस हिरवे दाखवायचं ते मंगळवार-बुधवार निघाले, तर त्या महिन्यात बीज आणि शुक्राणू एका शहरात असूनही त्यांची गाठ पडायची शक्यता कमीच उरायची. सव्वा वर्षात खरे प्रयत्न किती झाले, हे दोघांनी कॅलेंडर काढून मोजलं आणि एकमेकांकडे बघत बसले.

शिफ्ट बदलण्याचा अर्ज ओंकारने त्याच आठवड्यात दिला. बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का ते पाहणारी एचएसजी तपासणी मानसी आतापर्यंत दोनदा टाळत आली होती, "काही निघालं तर मावशींना बरंच होईल" म्हणून. ती पुढच्या पाळीनंतर करायचं ठरलं. मावशींचं काय, हा प्रश्न तिने माझ्यापुढे ठेवला, पण उत्तर ओंकारने दिलं. साताऱ्याला फोन करून तो आईला म्हणाला, "मावशीला तू सांग, नाहीतर मी सांगेन. नाडीचा विषय मानसीसमोर आता निघणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "अरे, मी केव्हाच सांगितलंय तिला."